कोरी चिठ्ठी

फिर्मँचं पत्र मंगळवारी सकाळच्या टपालाने आलं आणि त्याचा शेवट सरळ होता. घडलं ते एवढंच. बाहेर ल्यों शहरावर नोव्हेंबरचं धुकं उतरलं होतं, समोरच्या इमारतीच्या खिडक्यासुद्धा दिसत नव्हत्या, आणि आमच्या इमारतीची राखण करणाऱ्या मादाम बुर्दिया चार जिने चढून, धापा टाकत, ते पाकीट माझ्या हातात ठेवायला आल्या होत्या. बाकीच्यांचं टपाल त्या खाली दाराशीच देतात. फिर्मँचं मात्र वर घेऊन येतात, कारण त्यावर पाठवणाऱ्याचं नाव वाचायची त्यांना फार हौस. ‘या वेळी समुद्राच्या तक्रार खात्याकडून आलंय हो,’ त्या म्हणाल्या, ‘मागच्या खेपेला ते विधवा टोप्यांचं मंडळ होतं, तेच मला जास्त आवडलं होतं.’ मी दार लावून घेतलं आणि खिडकीशी उभा राहून वाचायला लागलो. दोन पानं, त्याच्या जुन्या टंकयंत्रावर ठोकलेली. समुद्राची अशी तक्रार होती की, पॅरिसहून येणारी माणसं न विचारता त्याच्यात पाय बुडवतात, आणि मग गार आहे म्हणून त्यालाच नावं ठेवतात. मी हसलो. दुसऱ्या पानावर आणखी हसलो. आणि हसतच शेवटाशी आलो, तर तिथे लिहिलं होतं: ‘महाशय, माझ्या विशेष आदराच्या भावनांचा स्वीकार व्हावा, ही विनंती.’ खाली सही.

माझं हसू तोंडावर तसंच राहिलं असावं, कारण काचेत ते मला दिसलं. हे वाक्य बँकेच्या पत्राखाली असतं. नगरपालिकेच्या असतं, गॅसवाल्यांच्या असतं, नवऱ्याला सोडून निघालेल्या बाईच्या वकिलाच्या पत्राखाली तर हमखास असतं. आमच्या देशात ज्याला एखाद्याचं तोंड पाहायचं नसतं तो त्याला हे वाक्य लिहून पाठवतो, आणि कुणाला बोट ठेवायला जागा उरत नाही. त्रेचाळीस वर्षं फिर्मँने आणि मी ह्या वाक्याची जितकी टिंगल केली तितकी दुसऱ्या कशाचीच केली नव्हती. पत्राचा मजकूर कसाही असो, शेवट मागच्या शेवटावर मात करणारा हवा, असा आमचा अलिखित नियमच होता. ‘आपल्या डाव्या बुटास माझा आदर, उजव्यास सहानुभूती.’ ‘माझ्या भावना आपणांस घट्ट होत असल्यास शिंप्याकडे न देता परत पाठवाव्यात.’ ‘आदर या वेळी संपला आहे, तूर्त थोडा संशय स्वीकारावा.’ अशी शेकडो वाक्यं. आणि आज हे. मी पान उलटून पाहिलं, मागे काही असेल म्हणून. काही नव्हतं.  मग मला तीन वर्षांपूर्वीचं पॅरिसमधलं एक जेवणाचं टेबल आठवलं. त्याला कळलं, असं मी स्वतःशीच म्हणालो. अखेर कळलं.

‘काय म्हणतोय तुझा खलाशी?’ सोलांजने विचारलं. सोलांज माझी थोरली बहीण. आईच्या माघारी ती माझ्याकडे राहायला आली ती गेली नाही; आणि फिर्मँने जन्मात कधी होडी वल्हवली नसली तरी समुद्राकाठी राहतो म्हणून ती त्याला खलाशीच म्हणते. ती वाडगाभर कॉफीत पाव बुडवत होती.

‘नेहमीचंच,’ मी म्हणालो.

‘मग तोंड का उतरलंय?’

‘धुकं आहे.’

‘धुकं बाहेर आहे, आन्सेल्म,’ ती म्हणाली. ‘तुझ्या तोंडावर कसं आलं?’

मी टोपी घेतली आणि निघालो. बहिणीपुढे बसून राहणं शक्य नव्हतं; तिला माझ्या चेहऱ्यावरून वाचता येतं आणि तिने वाचलेलं ती बोलून दाखवते. आमच्या चढावरून खाली नदीकडे जाणाऱ्या पायऱ्या आहेत, दीडशेहून जास्त, आणि त्या दिवशी मला पाच-सहा पायऱ्यांपलीकडचं दिसत नव्हतं. पाय आपोआप उतरत होते. असं खाली खाली जाताना माणसाला वर्षांमागची वर्षं उतरल्यासारखं होतं. मला एकदम खेचरांचा वास आला. खरोखरच आला, ओल्या चामड्याचा, गवताचा, मुताचा. ग्रनोब्लची छावणी, १९२६ सालचा हिवाळा, आम्ही दोघे सक्तीच्या सैनिकी सेवेतले एकवीस वर्षांचे कारकून. डोंगरी तोफा वाहणाऱ्या खेचरांची नोंद ठेवायची, हे आमचं देशकार्य. फिर्मँ केर्वेला हा बुटका, लालसर केसांचा, ब्रेतान्यचा मुलगा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा आणि दिवसभर एक अक्षर बोलायचा नाही. दहा दिवस मी त्याला मठ्ठ समजत होतो. अकराव्या दिवशी माझ्या टेबलावर एक अर्ज आला. क्रमांक चारशे बारा, नाव जोसेफीन, जात खेचर. अर्जदार आईवडील दोन्हीकडून वेगवेगळ्या कुळांतली असल्यामुळे तिला घरगुती अडचणी आहेत, सबब आठ दिवसांची रजा मिळावी. सगळं अगदी रीतसर, शिक्क्यासह. आणि शेवट: ‘कर्नलसाहेब, माझ्या चारही पायांच्या विशेष आदराचा स्वीकार व्हावा, मागच्या दोघांची मात्र हमी देता येत नाही.’ मी मान वर करून पाहिलं. तो खाली मान घालून लिहीत होता, फक्त कान लाल झाले होते. मी कर्नलच्या नावाने रजा नामंजूर केली, कारणांसकट, दोन पानं. इथून सुरू झालं.

नदीकाठी आलो तेव्हा नदी नव्हती. नुसता पाण्याचा आवाज होता आणि पुलाचं एक टोक, जे कुठेच जात नव्हतं. मी कठड्याला हात लावून उभा राहिलो. आम्ही दोघेही पुढे लेखक झालो. आता म्हणायला सोपं आहे. मी ल्योंमध्येच राहिलो, रेशीम व्यापाऱ्यांच्या घराण्यांवर जाड जाड कादंबऱ्या लिहिल्या. त्या खपल्या, शाळांत बक्षीस म्हणून वाटल्या गेल्या, मला पॅरिसच्या एका पुरस्कार समितीत बोलावणं आलं. फिर्मँ दुआर्ननेला, सार्डिन मासे डब्यात भरणाऱ्या कारखान्यांच्या गावी, हिशेबनीस झाला आणि पाच-सहा वर्षांनी एखादं बारीकसं पुस्तक लिहीत राहिला. त्रेचाळीस वर्षांत आम्ही प्रत्यक्ष भेटलो अकरा वेळा. मी मोजलंय. भेटलो की आम्हांला काही सुचत नसे; एकमेकांना मीठ दे, पाव दे म्हणायचो आणि आपापल्या गावी जाऊन त्या भेटीबद्दल चार-चार पानं लिहायचो. पत्रात तीन गोष्टी वर्ज्य होत्या. आजारपण, घरातलं मरण, आणि एकमेकांची पुस्तकं. हे कुणी ठरवलं नव्हतं, होत गेलं. युद्धात तो दोन वर्षं जर्मनांच्या कैदेत होता. तिथून महिन्याला एक छापील कार्ड यायचं, मोजक्या ओळींचं. त्यातही त्याने लिहिलं होतं की, इथल्या सूपमध्ये एक बटाटा पाहिल्याचं काही जण सांगतात, पण साक्षीदार विश्वासू नाहीत. आणि शेवटी पत्र तपासणाऱ्या जर्मन अधिकाऱ्यालाच आदर पाठवला होता, कारण माझ्याआधी तोच वाचणार. त्या माणसाने ती ओळ खोडली नव्हती. बायको मारिव्होन गेली तेव्हा महिनाभर पत्र नाही आणि मग आलं ते एका रिकाम्या सार्डिनच्या डब्याकडून. डबा विचारत होता की, आतलं कोणी नसताना झाकण लावून ठेवावं की उघडं, याबद्दल सरकारी नियम काय. मी तीन दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरलो. मग डबे खात्याचा निरीक्षक म्हणून उत्तर दिलं की, झाकण उघडं ठेवावं, पाऊस आला तर येऊ द्यावा. सांत्वनाचं एक अक्षर लिहिलं नाही. त्यावर त्याने पुढच्या पत्रात, पहिलीच आणि शेवटचीच, दुसऱ्या कुणाच्या नावाऐवजी आपल्या नावाने एक ओळ लिहिली होती: ‘निरीक्षकसाहेबांचे उपकार झाले.’

अशा माणसाशी मी वागलो ते असं. तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातच, पॅरिसच्या एका उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावर आम्ही दहा परीक्षक जेवायला बसलो होतो. आमच्याकडे मोठमोठी साहित्यिक बक्षिसं जेवतानाच ठरतात. तितरं येतात, वाइन येते, खाली रस्त्यावर बातमीदार ताटकळतात, आणि चीजच्या आधी मतदान होतं. त्या वर्षी शेवटच्या तीन पुस्तकांत फिर्मँचं एक होतं. सात पुस्तकं लिहून झाल्यावर, साठी उलटल्यावर, पहिल्यांदाच कुणाला तरी त्याचा पत्ता लागला होता. विषय काही नाही: कारखान्याच्या दारात भोंग्याची वाट बघत उभ्या असलेल्या एका बाईचा एक तास. मी ते उन्हाळ्यात वाचलं होतं, सुट्टीसाठी खेड्यात भाड्याने घेतलेल्या घराच्या बागेत, सफरचंदाच्या झाडाखाली. संपल्यावर परत पहिल्या पानापासून वाचलं. मग उठून घरात गेलो आणि माझं चालू हस्तलिखित कपाटात खाली, चादरींच्या मागे ठेवून दिलं. मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. मला वाईट वाटलं, आणि मग राग आला, आणि तोही त्या बुटक्या माणसाचा, जो तिकडे माशांच्या वासात बसून मला खेचरांची पत्रं लिहीत होता आणि हे सगळं मला न सांगता करत होता. मी ज्याला चाळीस वर्षं मनातल्या मनात ‘आपला फिर्मँ’ म्हणत आलो, त्यात ‘बिचारा’ हा शब्द मी न उच्चारता घालत होतो, हे मला त्या झाडाखाली कळलं. असलं कळणं माणसाला चांगला करत नाही. मला तरी केलं नाही.

चिठ्ठ्या सूपच्या मोठ्या चिनीमातीच्या भांड्यात टाकायच्या असत. मी पेनाचं टोपण काढलं. शेजारच्याने लिहिलं, घडी घातली. मला फक्त ‘केर्वेला’ एवढं लिहायचं होतं, आणि पाकिटांवर ते हजारदा लिहिलेलं होतं. हात पुढे गेला नाही. दुसऱ्या कुणाचं नाव लिहायलाही गेला नाही, एवढी काय ती माझी इभ्रत म्हणायची. मी कागदाची तशीच घडी घातली आणि भांड्यात टाकली. सचिवाने एकेक उघडून वाचलं: एकाला सहा, दुसऱ्याला तीन. दहावी उघडून त्याने मागेपुढे करून पाहिली, आणि म्हणाला, ‘कोरी.’ टेबलाच्या टोकाच्या म्हाताऱ्याने शेरा मारला की, कुणीतरी शाईची काटकसर केलेली दिसते, आणि सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत आलं: सहा, तीन, एक कोरी. फिर्मँ केर्वेला यांना एकही मत नाही. फिर्मँ हिशेबनीस होता. त्याला दहापर्यंत मोजता येत होतं, आणि त्या दहांत मी होतो हे त्याला ठाऊक होतं. त्यानंतरचं त्याचं पत्र मी खोलीचं दार लावून घेऊन फोडलं. ते एका शिंपल्याकडून आलं होतं. पुरस्काराचा उल्लेख नाही. पुस्तकांबद्दल बोलायचं नाही हा नियमच होता ना. त्या नियमामागे मी तीन वर्षं लपून बसलो. दर पत्राच्या वेळी वाटायचं, आज येणार. यायची ती टोपी, पावट्याची शेंग, निवृत्त झालेला पाऊस. हळूहळू भीती बोथट झाली. आणि आज, मी पुरता विसरायच्या बेतात असताना, एक सरळ वाक्य.

धुकं दुपारी थोडं वर गेलं तेव्हा मी एका कॅफेत बसलेलो होतो आणि माझ्यापुढे कागद होता. किती वेळ बसलो होतो देव जाणे. आधी मी समुद्राला उत्तर लिहायला घेतलं. आमच्या दोन्ही नद्यांच्या वतीने, फारच छान सुचत होतं. ते फाडलं. मग लिहिलं: ‘फिर्मँ, ती कोरी चिठ्ठी माझी होती.’ वाक्य कागदावर बसलं आणि मला बरं वाटलं, खरंच. उलटी झाल्यावर वाटतं तसं. पुढे कारण लिहायचं होतं. पुस्तक चांगलं होतं, माझ्या सगळ्या जाड पुस्तकांहून चांगलं होतं, म्हणून. हे लिहायला गेलो आणि हात पुन्हा पॅरिसच्या टेबलावर होता तसा झाला. गुन्हा कबूल करायला तयार होता, हे लिहायला नव्हता. मी लिहिलं, ‘कारण विचारू नकोस. आन्सेल्म.’ आदर नाही, भावना नाहीत. घडी घातली, पाकिटावर नुसतं नाव-पत्ता, आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज आला. आणि तो आवाज आल्याक्षणी मला वाटलं, त्याला कळलंच नसेल तर?

पेटी उघडायला टपालखात्याचा माणूस आला तोवर मी तिथेच उभा होतो. मी टोपी काढून त्याला सांगितलं की, त्यात माझं एक पत्र आहे, ते परत हवंय.

‘पेटीत पडलं की ते तुमचं राहात नाही, मुस्यू,’ तो म्हणाला. ‘ज्याचं नाव त्याचं.’

‘अहो, पण लिहिलंय मी.’

‘सगळेच लिहितात. मग सगळेच येतात. परवा एक बाई आली होती, तिने लग्नाला होकार कळवला होता.’ त्याने पिशवीचं तोंड आवळलं. ‘तिलाही नाही दिलं.’

सोलांजला मी संध्याकाळी सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सूप पुढे आलं आणि त्या भांड्याचं झाकण तिने उचललं तेव्हा मला राहवलं नाही. ती ऐकत राहिली. मध्ये एकदाच म्हणाली, ‘शी, आन्सेल्म.’ लहानपणी मी खिडकीतून शेजाऱ्याच्या मांजरीवर पाणी ओतलं होतं तेव्हा म्हणाली होती तसं. मग उठून तिने कपाटावरून माझी बॅग काढली, झटकली आणि माझ्यापुढे ठेवली. ‘इतकी वर्षं कागद काळे केलेस, तेवढं पुरे झालं. उद्या सकाळच्या गाडीत बसायचं. आणि तिथे जाऊन विनोद करशील तर बघ.’

दिवसभराच्या प्रवासात मी बाहेर बघत होतो की झोपलो होतो हे मला नीट सांगता येणार नाही. शेतं, पोपलरची झाडं, एक पांढरा घोडा. पॅरिसला स्टेशन बदलून पुन्हा शेतं. माझं पत्र ह्याच गाडीत कुठल्यातरी डब्यात असणार, असं सारखं मनात येत होतं. आम्ही दोघे एकाच दिशेने निघालो होतो, ते पुढच्या डब्यात आणि मी मागच्या. एकदा तर मला वाटलं की ते शेजारच्याच बाकावर बसलंय, सोलांजने विणलेला मफलर घालून, आणि मला म्हणतंय, आपण आत गेल्यावर आधी कोण बोलणार? मी दचकून डोळे उघडले, तर समोरची बाई मुलाला अंडं सोलून देत होती. कँपेरला मुक्काम केला आणि गुरुवारी सकाळी बसने दुआर्ननेला उतरलो. तळलेल्या तेलाचा आणि माशांचा वास सगळ्या उतारावर पसरलेला होता. बंदराच्या वर, राखी दगडाच्या घराचं निळं दार; मी वाजवलं.

दार एका उंच, ताठ बाईंनी उघडलं. पांढरे केस मागे ओढून बांधलेले, चष्मा साखळीला. ‘मुस्यू रिव्वार,’ त्या म्हणाल्या. मी न सांगता. ‘फोटो पाहिलाय. मी मादाम तांगी. शेजारी राहते. छत्तीस वर्षं इथल्या शाळेत मुख्याध्यापिका होते.’ मला त्यांनी पायपुसण्याकडे बोट दाखवलं. मी पाय पुसले.

‘फिर्मँ बरा आहे ना?’ मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘तुम्हांला सांगितलं नाही का त्यांनी? हो, तुमच्या पत्रांत आजारपण वर्ज्य, नाही का. वसंतात डोळे गेले त्यांचे. दोन्ही. उजेड-अंधार एवढं कळतं. तेव्हापासून ते सांगतात आणि मी टंकलेखन करते.’

 सात महिने. टोप्या, शेंगा, समुद्र, सगळं ह्या बाईंच्या बोटांतून आलं होतं.

‘म्हणजे शेवटचं पत्र...’ मी म्हणालो.

‘समुद्राचं?’ त्यांचे ओठ आवळले गेले. ‘ते सांगता सांगता झोपले. शेवट राहिला होता. टपालाची वेळ झाली, मग मीच घातला. इतके दिवस ते सांगतील ते निमूट टंकत आले. पण असं कोणी संपवतं का पत्र? डाव्या बुटाला आदर! मी योग्य ते लिहिलं, त्यांना जागं करून सही घेतली. काही चुकलं का?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘एकदम योग्य आहे.’

त्याला काही कळलेलं नव्हतं. तो रागावलेला नव्हता. तो झोपला होता. मला हसावं की तिथेच पायपुसण्यावर बसावं ते कळेना. एका मुख्याध्यापिकेने शेवट दुरुस्त केला म्हणून मी कबुलीजबाब लिहून बसलो होतो, आणि तो आज इथे पोचणार होता. सकाळचे दहा वाजले होते.

‘टपाल किती वाजता येतं?’ मी विचारलं.

‘येऊन गेलं. तुमचं आहे एक. मी आता वाचूनच दाखवणार होते.’ आणि त्यांनी ऍप्रनच्या खिशातून माझं पाकीट काढलं.

‘कोण आहे, मादाम?’ आतून आवाज आला. अकरा भेटींतला तोच आवाज, जरा बारीक झालेला. ‘पाय नीट पुसत नाहीये तो. ल्योंवाला दिसतो.’

तो खिडकीजवळच्या खुर्चीत होता. केस सगळे पांढरे, चेहरा आवाजाकडे वळलेला पण थोडा बाजूला, माझ्या खांद्यापाशी कुठेतरी. मी त्याचे दोन्ही हात धरले. नेहमीसारखंच आम्हांला काही सुचेना. ‘गाडीत गर्दी होती का?’ त्याने विचारलं. ‘नव्हती,’ मी म्हणालो. ‘डोळ्यांचं कळवायचं होतंस.’ ‘नियमात बसत नव्हतं,’ तो म्हणाला. मादाम तांगी कुट्टूच्या पिठाची धिरडी घालायला आत जाता जाता म्हणाल्या की, टपालात मुस्यू रिव्वारांचंच पत्र आलंय. फिर्मँ एवढा खूश झाला की खुर्चीत पुढे सरकला. ‘पत्र आणि पत्रवाला दोन्ही! मग आज तुम्ही राहू द्या, मादाम. सात महिने तुमच्या तोंडून ऐकतोय, हुकूमनामा ऐकल्यासारखं वाटतं. आन्सेल्म, तूच वाच.’

बाईंनी पाकीट मला दिलं आणि गेल्या. मी ते फोडलं. तीन ओळी होत्या. माझं अक्षर मलाच परकं वाटत होतं. त्याला दिसत नव्हतं. हे मी स्पष्टच लिहितो, कारण त्या क्षणी मी तोच विचार केला: त्याला दिसत नाही. पत्र माझ्या हातात होतं. बाईंनी उघडलेलंही नव्हतं. शेकोटी तीन पावलांवर होती. माझं मलाच ऐकू आलं: ‘समुद्र-तक्रार खात्यास, ल्यों शहरातल्या दोन्ही नद्यांचं संयुक्त निवेदन.’ आणि मी वाचत सुटलो. कॅफेत फाडलेलं सगळं तोंडपाठ होतं. नद्या म्हणत होत्या की, आम्ही दोघी एवढ्या लांबून गोड पाणी आणतो आणि हा ते खारट करून ठेवतो, आणि वर पॅरिसवाल्यांबद्दल कुरकुर करतो. फिर्मँ हसायला लागला. त्याचे खांदे हलत होते, न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, एका हाताने तो खुर्चीच्या दांड्यावर थापा मारत होता. मी एवढं चांगलं कधीच लिहिलं नव्हतं. मी शेवटही घातला, नद्यांच्या ओल्या आदराचा. तो डोळे पुसत मागे टेकला.  खाली बंदरात कुठेतरी साखळी ओढल्याचा आवाज येत होता.

‘फार छान,’ फिर्मँ म्हणाला. ‘आता पत्र वाच.’

मी कागदाची घडी घालायला लागलो.

‘तू ल्योंहून दुआर्ननेला नद्यांसाठी येत नाहीस, आन्सेल्म. कुणी मेलं असेल तर तसं सांग. सोलांज बरी आहे ना?’

‘बरी आहे.’

‘मग वाच.’

मी वाचलं. एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. वाचायला अर्धं मिनिटही लागलं नसेल. तो ऐकत होता तेव्हा त्याचा चेहरा अगदी शाळकरी पोरासारखा लक्ष देऊन होता. वाचून झाल्यावरही तसाच राहिला, जणू पुढे काही असेल.

‘कोरी,’ तो म्हणाला.

‘हो.’

‘मी इथे सगळ्यांना सांगत आलो,’ तो हळूहळू म्हणाला, ‘मासळीबाजारात, धक्क्यावर, केस कापायला जातो तिथे. म्हटलं, आमचा आन्सेल्म पक्का ल्योंवाला, चिक्कू, शाईत पाणी घालतो. त्याने नाव लिहिलंय, पण त्या पॅरिसवाल्यांना वाचता आलं नाही, म्हणून कोरी म्हणाले. लोक हसायचे. सुरुवातीला मीही हसण्यासाठीच सांगत होतो. मग सांगता सांगता मला ते खरंच वाटायला लागलं. तीन वर्षं, आन्सेल्म. कोळणी अजून मला विचारतात, तुमच्या मित्राने नवी शाई घेतली का म्हणून. आता त्यांना मी काय सांगू?’

  मला फार लाज वाटत होती, आणि लाजेहून मोठं असं काहीतरी, की हा माणूस माझी बाजू घेऊन गावभर फिरत होता आणि मी त्याच्या पत्रांना भीत होतो.  त्याची बोटं आता मांडीवरच्या शालीची किनार चाचपत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. आमची मैत्री तिथे, त्या किनारीवर, इकडून तिकडे जात होती असं मला वाटलं, आणि ती कुठे थांबेल ते माझ्या हातात नव्हतं. मी उठून जायला तयार झालो. बॅग दारापाशीच होती.

‘कसं होतं?’ त्याने विचारलं.

‘काय?’

‘पुस्तक. तू वाचलं होतंस ना?’

‘दोनदा,’ मी म्हणालो. ‘एका दिवसात.’

‘मग?’ त्याचा आवाज एकदम इतका लहान झाला की मला तो ग्रनोब्लचा मुलगा आठवला. ‘कधी विचारलं नाही तुला. नियम होता. मारिव्होनने वाचलं नाही, ती आधीच गेली. मादाम तांगींना त्यातली विरामचिन्हं आवडली. दुसरं विचारायला आहे कोण मला? कसं होतं ते सांग.’

त्रेचाळीस वर्षांत लिहिलेले सगळे विनोद एकदम तोंडाशी आले. खेचर, डबे, शिंपले, सगळे दाटीवाटीने, मला आधी घ्या म्हणत. मी थांबलो. ते गेले. पॅरिसमध्ये जे हाताला जमलं नाही आणि कॅफेतही जमलं नाही, ते तोंडाला जमेल याची मला खात्री नव्हती.

‘चांगलं होतं, फिर्मँ,’ मी म्हणालो. ‘त्या बाईचा तो एक तास... माझ्याच्याने असं एक पानही आयुष्यात झालं नाही. म्हणून नाव लिहवलं नाही माझ्याच्याने. दुसरं कारण नाही.’

तो हलला नाही. खिडकीकडे, उजेडाकडे तोंड करून बसून राहिला. आतून तव्यावर धिरडं उलटल्याचा आवाज आला. मग त्याने हात पुढे केला, हवेत जरा शोधला, आणि माझी बाही पकडली. घट्ट.

‘आता मोठ्याने सांग,’ तो म्हणाला. ‘मादाम तांगींना ऐकू गेलं पाहिजे. बाजारात त्याच जातात.’

मी उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं.